अपाची प्रकल्पांच्या रिलीज तपासणीला नवे स्वयंसेवक कसे आणायचे?

निळी_शाई

हा धागा मुख्यतः अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या इनक्युबेटरमधल्या, म्हणजे नव्याने दाखल झालेल्या, लहान प्रकल्पांसाठी आहे, पण मोठ्या प्रकल्पांत काम करणाऱ्यांनीही लिहावं.

नियम बहुतेकांना माहीत असतील, तरी एकदा मांडते. रिलीज मॅनेजर, म्हणजे नवी आवृत्ती काढणारा माणूस, सोर्सचं टारबॉल (सगळा कोड बांधलेली एक फाइल) तयार करतो, त्यावर डिजिटल सही करतो आणि मेलिंग लिस्टवर मतदान लावतो. मतदान किमान ७२ तास चालू ठेवायचं. किमान तीन बंधनकारक, म्हणजे निकालात मोजले जाणारे, +१ (होकार) हवेत आणि +१ ची संख्या -१ (नकार) पेक्षा जास्त हवी. इनक्युबेटरमध्ये साधारणपणे हे दोनदा होतं. आधी प्रकल्पाच्या डेव्ह लिस्टवर, मग इनक्युबेटरच्या जनरल लिस्टवर. दुसऱ्या फेरीत फक्त इनक्युबेटर पीएमसीच्या (व्यवस्थापन समितीच्या) सदस्यांची मतं बंधनकारक.

अडचण अशी की पॅच (कोडमधले बदल) पाठवणारे पुष्कळ आणि मतदानाला तेच ते चार जण. त्यातला एक रजेवर गेला की मतदान दहा-दहा दिवस रेंगाळतं. शेवटी कोणाला तरी वैयक्तिक मेल करून मत मागावं लागतं, आणि असं मागून आणलेलं मत किती तपासून दिलेलं असणार?

माझे प्रश्न तीन. नवख्या माणसाला नेमकं काय करायला सांगायचं? त्याचं मत बंधनकारक नसेल तर त्याने वेळ का द्यावा? आणि एकदा आलेला माणूस पुढच्या रिलीजलाही यावा यासाठी काय करावं?

सह्यकडा

मतदानाच्या मेलमध्येच ठळक लिहा की कोणीही मत देऊ शकतं. कमिटर (थेट कोड बदलायचा अधिकार असलेला) नसलेल्यानं बोलायचं नसतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो कोणी दूर करत नाही.

कोरा_कागद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो. हा क्रम कमांडसकट प्रकल्पाच्या विकीवर असायलाच हवा.

तीन फायली उतरवून घ्या: टारबॉल, एएससी म्हणजे सही, आणि एसएचए५१२ म्हणजे चेकसम, फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा. चौथी कीज नावाची फाइल, तिच्यात प्रकल्पातल्या लोकांच्या सार्वजनिक किल्ल्या असतात. ती अपाचीच्या डाउनलोड्स साइटवरच्या प्रकल्पाच्या फोल्डरमधूनच घ्यायची. मेलमध्ये चिकटवलेली किल्ली घेऊ नका. कीसर्व्हरवर नाव शोधून मिळालेली तर अजिबात नको, कारण तिथे कोणीही कोणाच्याही नावाने किल्ली चढवू शकतो.

किल्ल्या जीपीजीत (सह्या तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये) इम्पोर्ट करा आणि व्हेरिफाय चालवा. व्हेरिफायला दोन्ही नावं द्या, आधी एएससी आणि मग टारबॉल. 'गुड सिग्नेचर' असं आलं की त्याखाली एक इशारा येतो: ही किल्ली विश्वासातल्या सहीने प्रमाणित केलेली नाही. नवखे इथेच घाबरून थांबतात. त्याचा अर्थ एवढाच की किल्ली त्याच माणसाची आहे याची ग्वाही तुमच्या जीपीजीकडे अजून कोणी दिलेली नाही. सही बरोबरच आहे. 'बॅड सिग्नेचर' आलं तर पुढे जायचं नाही, लिस्टवर कळवायचं. 'नो पब्लिक की' आलं तर रिलीज मॅनेजरची किल्ली कीज फाइलमध्ये चढवायची राहिली आहे. पहिल्यांदाच रिलीज करणाऱ्याकडून हे हमखास होतं.

चेकसम लिनक्सवर एसएचए५१२सम ला उणे सी देऊन तपासता येतो. मॅकवर ती कमांड नसेल तर शासम, उणे ए ५१२, उणे सी. 'नीट मांडलेली एकही ओळ सापडली नाही' अशी तक्रार आली तर बहुधा रिलीज मॅनेजरने चेकसम जीपीजीच्या प्रिंट-एमडीने काढलेला असतो. त्याची मांडणी वेगळी असते. आकडा स्वतः काढून डोळ्यांनी ताडून पाहा आणि पुढच्या वेळी साधी मांडणी वापरा असं मतात लिहा.

मग टारबॉल सोडवा. सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये लायसन्स आणि नोटिस आहेत का? इनक्युबेटरमधला प्रकल्प असेल तर डिस्क्लेमर आहे का, आणि फाइलच्या नावात 'इनक्युबेटिंग' आहे का? सोर्सच्या टारबॉलमध्ये कम्पाइल केलेलं काही नको, म्हणून फाइंडने जार, क्लास, एसओ, डीएलएल, पीवायसी शोधा. त्यानंतर रॅट चालवा. हे हत्यार प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लायसन्सचा हेडर आहे का ते बघतं. रॅट बिल्डच्या (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवण्याच्या) आधी चालवायचं, नाहीतर बिल्डमधून निघालेल्या फायलींबद्दलच ओरड सुरू होते आणि खरी चूक त्यात बुडते.

शेवटी बिल्ड आणि टेस्ट. बिल्डचा वेळ सोडून पहिल्या खेपेला दीडेक तास धरा, सवय झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं.

दुपारचा_चहा

कोरा_कागद, उत्तम यादी. बिल्डबद्दल थोडी भर घालते, कारण नवखे सगळ्यात जास्त तिथेच गळतात.

एक म्हणजे टारबॉलमध्ये गिटचं (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीचं) फोल्डर नसतं. बिल्डच्या वेळी कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, वाचणारं मेव्हन या बिल्डच्या साधनाचं प्लगइन लावलेलं असेल तर क्लोन केलेल्या (गिटमधून इतिहासासकट उतरवलेल्या) कोडवर सगळं नीट चालतं आणि टारबॉलवर आपटतं. कमिटर मंडळी रोज क्लोनवर काम करतात, त्यामुळे हे त्यांना दिसतच नाही. नवख्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत दिसतं.

दुसरं ग्रेडल, हेही बिल्डचं साधन. ग्रेडलच्या रॅपरची (ग्रेडल आपोआप उतरवून चालवणाऱ्या स्क्रिप्टची) जार फाइल बायनरी, म्हणजे कम्पाइल केलेली, म्हणून ती सोर्स टारबॉलमधून काढून टाकतात. मग रीडमीत 'ग्रेडलडब्ल्यू बिल्ड चालवा' लिहिलेलं असतं आणि ते चालत नाही. जार परत कशी आणायची किंवा ग्रेडलची कुठली आवृत्ती हवी, ते रीडमीत लिहिलेलं असलं पाहिजे.

तिसरं, टेस्टला लागणारी एखादी फाइलच टारबॉलमध्ये नसणं. गिटअॅट्रिब्यूट्समध्ये एक्स्पोर्ट-इग्नोर लावलेलं असलं की गिट आर्काइव्ह ती फाइल गपचूप वगळतो.

यावरून धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. कोरी मशीन असलेल्या माणसाला जे सापडतं ते जुन्या कमिटरला सापडूच शकत नाही. त्याच्या मेव्हनच्या कॅशमध्ये दोन वर्षांच्या जार पडून असतात.

भीमथडी

मला हा रस्ताच पटत नाही. सही, चेकसम, हेडर हे सगळं आवश्यक आहे, मान्य. पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जीपीजीला जुंपलंत तर तो परत येणार नाही. त्याने सॉफ्टवेअर वापरून बघावं. त्याचं खरं मोल तिथे आहे.

स्पार्क या अपाची प्रकल्पाच्या मतदानाचा मेल वाचा. त्यात वापरकर्त्यांसाठी वेगळा परिच्छेद असतो: तुमचं सध्याचं काम या रिलीज कॅन्डिडेटवर (मतदानाला ठेवलेल्या आवृत्तीवर) चालवा आणि आधी चालत असलेलं काही मोडलं तर कळवा. पायस्पार्क वापरणाऱ्यांनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कसं करायचं तेही तिथेच सांगितलेलं असतं.

एअरफ्लो या अपाची प्रकल्पाचे लोक याच्याही पुढे गेले आहेत. रिलीज कॅन्डिडेट पायपीआय या पायथन पॅकेजांच्या साठ्यावर आरसी (त्याचंच लघुरूप) म्हणून चढवतात, म्हणजे तो पिपने एका ओळीत बसतो. मग गिटहबवर एक इश्यू उघडतात. त्यात या रिलीजमध्ये आलेले बदल चौकटींसकट मांडलेले असतात आणि ज्यांनी ते बदल केले त्यांना नावानिशी टॅग केलेलं असतं. तुझा बदल अपेक्षेप्रमाणे चालतोय का बघ आणि इथे सांग, एवढंच मागणं. माणसाला स्वतःचं काम तपासायला सांगितलं की तो येतो. 'समुदायाने कृपया तपासावे' म्हटलं की कोणी येत नाही.

निळी_शाई

भीमथडी, एअरफ्लोची पद्धत फार आवडली. पण पायपीआयवर किंवा मेव्हनच्या स्टेजिंगवर चढवलेलं पॅकेज ही सोयीसाठी दिलेली बायनरी. अपाचीचं अधिकृत रिलीज म्हणजे सोर्स. बायनरी वापरून बघणाऱ्याने सोर्सचं टारबॉल उघडलेलंच नसेल तर त्याचं मत कशाबद्दलचं धरायचं?

भीमथडी

बायनरीबद्दलचंच, आणि तसं त्याने लिहावं. बंधनकारक मत देणाऱ्यावर नियम कडक आहे: सही केलेलं सोर्स पॅकेज स्वतःच्या यंत्रावर उतरवायचं, सही तपासायची, बिल्ड करायचं, चालवून बघायचं. ती जबाबदारी पीएमसीची. बाकीच्यांनी जेवढं पाहिलं तेवढं सांगावं.

रानजाई

लायसन्सची तपासणी हा स्वयंसेवकांसाठी उत्तम तुकडा आहे आणि त्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. कोड लिहिता यायची गरज नाही, बारकाईने वाचता आलं पाहिजे.

अपाचीने बाहेरच्या लायसन्सचे तीन गट केले आहेत. ए गटात एमआयटी, बीएसडी वगैरे. ते घेता येतात. बी गटात एमपीएल, ईपीएल, सीडीडीएल. यांच्याखालचा कोड सर्वसाधारणपणे बायनरी रूपातच चालतो, सोर्समध्ये नाही. एक्स गटात जीपीएल, एलजीपीएल, एजीपीएल. ते रिलीजमध्ये नकोतच. जेसन लायसन्स, तेच ज्यात सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरा, वाईटासाठी नको अशी अट आहे, ते २०१६ मध्ये एक्स गटात गेलं. जुन्या जावा प्रकल्पांत जेसन डॉट ऑर्गची जार अजूनही कुठल्या तरी डिपेन्डन्सीच्या पोटात निघते.

बघायचं कुठे? मुख्य कोडमध्ये क्वचितच काही सापडतं. डॉक्युमेंटेशनचं फोल्डर उघडा. तिथे मिनिफाय केलेली जेक्वेरी, कुठली तरी सीएसएस, आयकॉन, फॉन्ट असतात. जेक्वेरी एमआयटी आहे, चालते, पण लायसन्स फाइलमध्ये तिची नोंद हवी. मग टेस्टसाठी ठेवलेला डेटा बघा, तो कुठून आणला? आणि ग्रेपने कोडच्या कॉमेंटमध्ये 'कॉपीराइट' आणि 'स्टॅकओव्हरफ्लो' शोधा. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर सीसी बाय-एसए खाली असतो, तो उचलून अपाची लायसन्सखाली खपवता येत नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. नोटिसमध्ये सगळ्या एमआयटी आणि बीएसडी लायब्रऱ्यांची नावं कोंबलेली असतात. तिथे त्यांची गरज नसते, लायसन्स फाइल त्यासाठीच आहे. नोटिस जेवढी छोटी तेवढी बरी, कारण पुढे वापरणाऱ्या प्रत्येकाला ती सोबत वाहावी लागते.

मंद्रसप्तक

हे सगळं हाताने का करायचं? अॅरो या अपाची प्रकल्पाच्या रेपॉझिटरीत रिलीज कॅन्डिडेट तपासायची स्क्रिप्ट आहे. आवृत्ती आणि आरसीचा क्रमांक दिला की ती टारबॉल उतरवते, सही आणि चेकसम तपासते, बिल्ड करते, टेस्ट चालवते. अशी एक स्क्रिप्ट प्रत्येक प्रकल्पाने लिहिली की नवख्याला फक्त ती चालवायची आहे. अडथळाच संपला.

पाचवा_खांब

मंद्रसप्तक, स्क्रिप्ट हवीच, पण तिच्याने एक नवा धोका येतो. सगळ्यांनी एकच स्क्रिप्ट चालवली तर दहा मतं आली तरी तपासणी एकच झाली. स्क्रिप्ट जे बघत नाही ते दहाही जणांनी बघितलेलं नसतं. शिवाय ती स्क्रिप्ट रिलीज मॅनेजरच्याच रेपॉझिटरीतून येते.

एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण इथे आठवावं. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं होतं (त्या त्रुटीचा नोंदक्रमांक सीव्हीई-२०२४-३०९४). त्याचा मुख्य भाग टेस्टच्या फायली म्हणून गिटमध्येच होता, पण तो जागा करणारी बिल्ड-टू-होस्ट डॉट एम४ ही बदललेली फाइल गिटमध्ये नव्हती. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. सही बरोबर, चेकसम बरोबर, बिल्ड व्यवस्थित. सही करणाराच हल्लेखोर असल्यावर सही तपासून काय कळणार? आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि सीपीयू जास्त खर्च होतोय हे खटकलं, त्यांनी खोदून काढलं आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. ही वापरून बघणाऱ्याची नजर. भीमथडी म्हणतात त्याला माझा पूर्ण पाठिंबा.

म्हणून माझ्या मते रिलीज तपासणीतली सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात कमी केली जाणारी पायरी म्हणजे टारबॉल आणि गिट टॅग (गिटमध्ये त्या आवृत्तीवर लावलेली खूण) यांची तुलना. टॅग वेगळ्या फोल्डरमध्ये चेकआउट करा, टारबॉल शेजारी सोडवा, डिफ उणे आर (दोन फोल्डरांतला फरक दाखवणारी कमांड) चालवा. पाच मिनिटांचं काम.

कोरा_कागद

पाचवा_खांब यांच्याशी सहमत. फक्त ऑटोटूल्स (बिल्डची जुनी साधनं) वापरणाऱ्या सी प्रकल्पांत हा डिफ कोरा येत नाही, कारण कॉन्फिगर आणि तत्सम तयार केलेल्या फायली टारबॉलमध्ये टाकण्याची जुनी प्रथा आहे. एक्सझेडमध्ये ती फाइल त्याच गर्दीत लपली. अपाचीतल्या बहुतेक जावा आणि पायथन प्रकल्पांत टारबॉल जवळजवळ जसंच्या तसं गिटमधून येतं. तिथे गिटचं फोल्डर आणि मुद्दाम वगळलेल्या फायली सोडून डिफमध्ये काहीही आलं तर रिलीज मॅनेजरला विचारलंच पाहिजे.

नेहमी दिसणारे निरुपद्रवी फरक सांगून ठेवतो. मॅकवर टारबॉल बनवलं की टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फायली घुसतात. विंडोजवर बनवलं की ओळींचे शेवट बदलतात आणि शेल स्क्रिप्टचा एक्झिक्युटेबल बिट जातो. हा शेवटचा तितका निरुपद्रवी नाही, कारण पुढे बिल्ड अडतं.

मंद्रसप्तक

मान्य. मग असं करता येईल: स्क्रिप्ट द्यायची, पण मत देणाऱ्याने स्क्रिप्टच्या बाहेरची निदान एक गोष्ट स्वतः तपासून मतात लिहायची. वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, वेगळी जेडीके (जावाचा साधनसंच), लायसन्सचं एखादं फोल्डर, काहीही.

आकाशकंदील

शुक्रवारी रात्री मतदान लावायचं आणि सोमवारी 'कोणीच आलं नाही' म्हणायचं, म्हणजे एकादशीला मटणाचं आमंत्रण. 😄

दुपारचा_चहा

आकाशकंदील, हसले, पण मुद्दा खरा आहे. ७२ तास ही खालची मर्यादा आहे, वरची नाही. नवे लोक हवे असतील तर पाच दिवस ठेवा आणि मंगळवारी सुरू करा. त्याआधी आठवडाभर सूचना द्या: अमुक तारखेला ब्रँच गोठवतोय, अमुक तारखेला पहिला आरसी. मतदान संपण्याची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. 'उद्या संध्याकाळपर्यंत' हे पुण्यात एक आणि कॅलिफोर्नियात दुसरं.

सुरक्षेच्या तातडीच्या रिलीजला हे लागू नाही. तिथे ७२ तास थांबणंसुद्धा जास्त होऊ शकतं, आणि नवख्यांना शिकवण्याची ती वेळ नाही.

टिंबटिंब

मत कसं लिहायचं यावर कोणी बोललं नाही. इथल्या प्रतिसादात नुसतं +१ लिहिलं की अनुमोदन झालं. रिलीजच्या मतदानात नुसतं +१ कोणाच्याच कामाचं नाही. नमुना म्हणून हे विकीवर ठेवा:

+१, बंधनकारक नाही.
तपासलं: सही आणि चेकसम बरोबर. लायसन्स, नोटिस, डिस्क्लेमर आहेत. टारबॉल आणि टॅग यांत फरक नाही. उबुंटू २४.०४ वर जेडीके १७ ने बिल्ड झालं, सगळ्या टेस्ट पास.
तपासलं नाही: विंडोज, डॉकर इमेज, डॉक्युमेंटेशनमधल्या बाहेरच्या फायली.
किरकोळ: नोटिसमधलं वर्ष जुनं आहे, पुढच्या रिलीजला दुरुस्त करावं.

यातली 'तपासलं नाही' ही ओळ सोडू नका. नंतर येणाऱ्याला ती वाचून कळतं की आपण काय उचलायचं. आणि नवख्यालाही हायसं वाटतं, कारण आपण सगळ्याची हमी देत नाही आहोत हे त्याने लिहून दिलेलं असतं.

दुसरं -१ बद्दल. अपाचीत कोडच्या बदलावर -१ हा व्हेटो असतो, रिलीजच्या मतदानात तो व्हेटो नसतो. पुरेसे +१ असतील तर रिलीज नियमाने पुढे जाऊ शकतं. हे नवख्यांना सांगितलं पाहिजे, नाहीतर 'माझ्यामुळे सगळ्यांचं काम अडेल' या भीतीने ते सापडलेली चूक बोलतच नाहीत.

भीमथडी

पण टिंबटिंब, रिलीज मॅनेजरच्या बाजूनेही बघा. आरसी रद्द झाला की नवा टॅग, नवं टारबॉल, नवी सही, नवे ७२ तास. आधीच्या आरसीवरची मतं पुढे येत नाहीत, सगळ्यांनी पुन्हा तपासायचं. नोटिसमधल्या वर्षावरून कोणी -१ दिला आणि आरसी चारपर्यंत गाडी गेली तर पुढच्या वेळी रिलीज मॅनेजर व्हायला कोणी तयार होत नाही. कशावर थांबायचं आणि कशावर नाही हे आधी लिहून ठेवा. सही चुकणं, एक्स गटातलं लायसन्स, सोर्समध्ये बायनरी, बिल्ड न होणं: थांबा. हेडर नसलेली एखादी फाइल, जुनं वर्ष, रीडमीतली तुटकी लिंक: इश्यू उघडा आणि +१ द्या.

रानजाई

इनक्युबेटरमध्ये यासाठी एक सोय आहे. साध्या डिस्क्लेमरऐवजी वर्क-इन-प्रोग्रेस डिस्क्लेमर लावता येतो. त्यात लायसन्सच्या माहीत असलेल्या त्रुटी लिहून रिलीज करता येतं. सगळ्याच त्रुटी त्यात बसत नाहीत, पण पहिल्या एक-दोन रिलीजना फार उपयोगी.

रेवदंडा

थोडं विषयांतर, पण मराठी माणसाला करता येण्यासारखी तपासणी सांगतो. जावाच्या प्रकल्पाच्या टेस्ट मराठी लोकेलवर (भाषा आणि देशाच्या सेटिंगवर) चालवा.

जेडीके ९ पासून जावा लोकेलची माहिती मुळातच सीएलडीआर या भाषांविषयीच्या माहितीसंचातून घेते, आणि सीएलडीआरमध्ये मराठीचे डीफॉल्ट अंक देवनागरी आहेत. त्यामुळे यंत्राचं लोकेल मराठी असेल आणि कोडमध्ये लोकेल न देता स्ट्रिंग फॉरमॅट वापरून आकडा छापला असेल, तर तो १२३ असा देवनागरीत येतो. वापरकर्त्याला दाखवायला छानच. पण तोच आकडा फाइलच्या नावात, एसक्यूएलमध्ये किंवा एचटीटीपीच्या हेडरमध्ये गेला की समोरचा सर्व्हर तो नाकारतो. गंमत म्हणजे जावाचं स्वतःचं पार्सइंट (मजकुरातून आकडा वाचणारं फंक्शन) देवनागरी अंक निमूट वाचतं, म्हणून जावा ते जावा टेस्ट पास होतात आणि बाहेरच्या सिस्टिमशी बोलताना फुटतं.

उपाय साधा. यंत्रांसाठीच्या मजकुराला लोकेल रूट (कुठल्याच भाषेशी न बांधलेलं) द्यायचं. पण आधी कोणीतरी ते दाखवून द्यायला हवं, आणि अमेरिकन इंग्रजी लोकेलवर बसलेल्या माणसाला ते कधीच दिसणार नाही.

कोरा_कागद

रेवदंडा, फार मोलाचं. एक खाच आहे. मेव्हनला कमांडवर यूझर डॉट लँग्वेज दिलं तरी शुअरफायर हे टेस्ट चालवणारं प्लगइन त्यांच्यासाठी वेगळी जेव्हीएम (जावाचे प्रोग्राम चालवणारं यंत्र) सुरू करतं, आणि तिचं डीफॉल्ट लोकेल सुरू होतानाच ठरतं. म्हणून ते आर्गलाइनमधून (त्या जेव्हीएमला पर्याय देणाऱ्या सेटिंगमधून) द्यावं लागतं. प्रकल्पाने पॉममध्ये (मेव्हनच्या प्रकल्प-फाइलमध्ये) आर्गलाइन आधीच ठरवून टाकली असेल तर तेही लागू होत नाही. सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे जावा टूल ऑप्शन्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. लँग्वेज एमआर, कंट्री आयएन. ती प्रत्येक जेव्हीएम वाचते आणि वाचल्याची ओळही छापते, म्हणजे लागू झालं की नाही ते दिसतं.

रेवदंडा

धन्यवाद. लिबरऑफिससारख्या प्रकल्पांच्या चाचणी आवृत्त्यांतही असंच काम आहे, आणि तिथे कोडही लागत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' एका ओळीत लिहा, दोन्ही वेगळे दिसतात का बघा. कर्सर जोडाक्षराच्या मधे अडकतो का, बॅकस्पेसने किती अक्षर पुसलं जातं, पीडीएफ करून त्यातून मजकूर कॉपी केला तर 'दऱ्या'चं काय होतं. हे मराठी वाचणाऱ्यालाच कळणार.

सह्यकडा

हे आजच करून बघण्यासारखं आहे. +१, आणि तपासून.

दुपारचा_चहा

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, माणूस टिकवायचा कसा. लिनक्स कर्नलच्या स्थिर आवृत्त्यांची पद्धत बघा. रिलीजआधी साधारण दोन दिवस तपासणीसाठी देतात. ज्यांनी तपासून कळवलं त्यांची नावं 'टेस्टेड-बाय' म्हणून त्या आवृत्तीच्या कमिटमध्ये जातात. ती गिटच्या इतिहासात कायमची राहतात. अपाचीत मतदानाच्या निकालाचा मेल जातो, त्यात बंधनकारक नसलेल्या मतांचीही नावं द्यायची रीत आहे. ती पाळा, आणि रिलीजच्या घोषणेतही तपासणाऱ्यांचे आभार माना.

दुसरं, नवा कमिटर निवडताना तपासणीचं काम मोजा आणि मोजतो हे जाहीर लिहा. कोड न लिहिताही कमिटर होता येतं.

मंद्रसप्तक

बिल्ले, गुणांकन वगैरे मात्र नको. मताला गुण ठेवले की न तपासलेले +१ वाढतात. श्रेय सापडलेल्या चुकीला आणि नीट लिहिलेल्या तपशिलाला द्या.

टिंबटिंब

आणि पहिल्यांदा मत देणाऱ्याला चोवीस तासांच्या आत उत्तर द्या. त्याने काही विचारलं असेल तर त्याच धाग्यात, सगळ्यांसमोर. जाहीर लिस्टवरच्या पहिल्या मेलला उत्तर आलं नाही तर माणूस दुसरा मेल लिहीत नाही.

निळी_शाई

सगळ्यांचे आभार. पुढच्या मतदानाच्या मेलचा मसुदा असा करते आहे. वरती एक ओळ: मत कोणीही देऊ शकतं, तपासलं तेवढंच लिहा. मग सुटे तुकडे, प्रत्येकापुढे लागणारा अंदाजे वेळ: सही आणि चेकसम १५ मिनिटं, टॅगशी तुलना १० मिनिटं, डॉक्युमेंटेशनमधली लायसन्स ४० मिनिटं, मॅकवर बिल्ड, विंडोजवर बिल्ड, मराठी लोकेलवर टेस्ट. खाली बदल करणाऱ्यांची नावं आणि त्यांच्या इश्यूची लिंक. कशावर थांबायचं याची भीमथडींची यादी. टिंबटिंब यांचा नमुना. मंगळवार ते रविवार, वेळ यूटीसीत.

यात काही राहिलं का?

पाचवा_खांब

तुलनेसाठी गिट टॅगचं नुसतं नाव देऊ नका, कमिटचा पूर्ण हॅश द्या. टॅग हलवता येतो, हॅश हलत नाही.

कोरा_कागद

तसंच टारबॉलचा एसएचए५१२ मेलच्या मजकुरातही चिकटवा आणि सबव्हर्जनचा (टारबॉल चढवतात त्या साठ्याचा) रिव्हिजन क्रमांक द्या. त्या साठ्यातल्या डिस्टच्या डेव्ह फोल्डरमधली फाइल मतदान चालू असताना बदलता येते. कोणी 'छोटीशी दुरुस्ती' करून त्याच नावाने टारबॉल पुन्हा चढवलं तर आधी मत दिलेल्यांनी तपासलं ते एक आणि रिलीज झालं ते दुसरं. बदल कितीही छोटा असला तरी आरसीचा क्रमांक वाढवून नवं मतदान.